कनगीतला फोटू

ये गड्या, टेक हितं सावलीला. आदी तो तुजा फोटूचा डबा खाली ठेव, माज्याकडं रोखू नगंस. माजं थोबाड काढून काय करनार तू, कावळं हाकलायला शेतात लावनार? तुला लेन्यावर जायाचंय ना, जा की. लेनी कुटं पळून जात न्हाईत. ऊन जरा कलू दे. तवर च्या पी, आन् एका फोटूची गोष्ट सांगतो ती ऐक. हा डबा गळ्यात अडकवून कार्ल्यात उतरायचं आसंल, तर ही गोष्ट आदी कानात पाहिजे.

तर कार्ल्यात, डोंगराच्या पायथ्यालाच, विठाबाई म्हनून एक बाई. नवरा तरन्या वयात गेला. पदरात दोन लेकरं, थोरला मारुती आन् धाकटी ठकू. ठकू म्हंजी काय सांगू तुला! करवंदाचं दिवस आलं की टोपली डोक्यावर घेऊन लेन्याच्या पायरीशी जाऊन बसायची, आन् येनाऱ्या-जानाऱ्याला असं बोलायची की करवंदं नको असल्याला मानूस बी वंजळभर घेऊन जायाचा.

एकदा लेनी बघायला एक मडम आली. लोनावळ्याच्या बंगल्यात उतरल्याली. संगं तीन पायाचा डबा. ठकूला बघून ती थांबली, टोपली घेऊन उभी र्‍हा म्हनून हातानं खुनावलं. विठाबाई धावली, "अवो, नगा काढू! पोरीचं आयुक्ष कमी व्हतंय!" मडमीला काय कळतंय? आन् ठकू आयेलाच म्हनते, "आये, तू सर की तिकडं, माज्या फोटूत तुजा पदर येतुया."

मडमीनं दोन फोटू काढलं. करवंदं संपली, पाऊस सुरू झाला, सगळी इसरून बी गेली. आन् एक दिस बंगल्याचा खानसामा, मकसूद म्हनून व्हता, कोंबड्या न्यायला कार्ल्यात यायचा, त्यो कागदात गुंडाळल्यालं दोन फोटू घेऊन दारात उभा. म्हनला, "मावशी, मेमसाबनं पाठवल्यात. न्हेमी कोरडं ठेवा बरं का. पान्याचा थेंब लागू देऊ नगा, थेंब लागला की ह्याचं तोंड गेलं म्हनून समजा."

ह्ये ध्येनात ठेव. मकसूद काय म्हनला ह्ये मोप कामाचं हाय.

पुढं ठकूचं लगीन झालं. वलवनचा सोपान, लोनावळ्याच्या विंजनशेडात कोळसा भरायच्या कामाला. चांगला पोरगा, बोलायला जरा कमी. दोन सालं गोडीगुलाबीनं गेली, आन् मंग ती मानमोडी, तापाची साथ, आली. तुमी पोरांनी ती बघितली न्हाई, त्ये बरंच झालं. सकाळी अंग दुखतंय म्हनायचं आन् तिसऱ्या दिशी खांद्यावर. ठकू तशीच गेली. विठाबाईला सांगावा पोचला तवर वलवनात सगळं उरकलं बी व्हतं. लेकीचं तोंड शेवटचं बघायला मिळालं न्हाई तिला. घरी आली, फोटू बाहीर काढलं, आन् म्हनली, "आता ह्येच."

आता दोन फोटू व्हतं ना? त्यातला एक कसा गेला सांगतो. मारुतीचा बी बहिनीवर जीव. त्यानं मनानंच एक फोटू उचलला, लोनावळ्याला नेऊन काच-चौकट घालून आनला, आन् माजघरात भिंतीला टांगला. वर झेंडूचा हार. विठाबाई रानातनं आली, हार बघितला, आन् वरडली, "मारत्या, काढ त्यो हार! मेल्यावानी दिसतीय पोर!"

"आये, मेलीच हाय की गं ती."

"तुला आसंल. माज्या घरात हार न्हाई."

हार निघाला, चौकट र्‍हायली. आन् आपला मावळातला पावसाळा तुला ठावं हाय. भिंतीनं पानी वढलं, काचंत वाफ धरली, फोटू काचंला चिकटला. दसऱ्याला मारुती मागनं सोडवायला गेला, तर अरदी ठकू काचंवर आन् अरदी बुरशीत. मारुती रडला. विठाबाई रडली न्हाई. तिनं दुसरा फोटू घेतला, मकसूदकडनंच मागून आनल्याल्या बिस्कुटाच्या पत्र्याच्या डब्यात घातला, आन् त्यो डबा भाताच्या कनगीत, बांबूच्या कोठीत, कोपरापर्यंत हात घालून पुरला. सगळ्यास्नी उभं करून सांगितलं, "ह्या कनगीतला भात म्या काढीन. दुसऱ्या कुनाचा हात आत गेला तर मोडून ठेवीन. लेक आसू, सून आसू, न्हाईतर देव आसू."

तवापासनं त्यो फोटू कुनी बघितला न्हाई. मारुतीनं न्हाई, सुनंनं न्हाई. सोपान एकदा आलता, लय येळ उंबऱ्यावर टोपी फिरवीत बसला, शेवटाला म्हनला, "मामी, एकडाव बघू का?" विठाबाई म्हनली, "भात शिजलाय, जेवून जा." त्यो समजला. जेवून गेला.

लोकं म्हनायची, म्हातारी कंजूस झाली, फोटू बी लपवती. पन लपवायचं कारन येगळंच व्हतं. घरात कुनी नसलं की विठाबाई डबा काढायची. फोटू मांडीवर घ्यायची. सनवार असला की बोट पान्यात बुडवायचं, कुंकवात टेकायचं, आन् लेकीच्या कपाळाला लावायचं. ठकू भरल्या कपाळानं गेल्याली, नवरा मागं ठेवून. तिचं कपाळ सुनं ठेवायचं कसं? पन विठाबाई सोता रांडमुंड बाई. तिच्या हातानं कुंकू लावायचं म्हंजी गावानं तोंडात शेन घालायचं. म्हनून ह्ये सारं चोरून. पंचमीला, गवरीला, दसऱ्याला, संक्रातीला. लावायचं, मंग पदरानं हलकं पुसायचं, कुनी बघितलं तर खून र्‍हायाला नगं म्हनून. आन् डबा पुन्ना भातात.

तिच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलं व्हतं. दारातनं मारुती आला का शेजारचा रेडा आला, तिला पावलावरनं कळायचं. दूध भांड्यात वतायला जायाची, त्ये चुलीत जायाचं. मारुती हसायचा, "आये, आज चूल दूधभाकर खातीया." पन फोटू तिला चकचकीत दिसायचा. हातात घेतला की ठकू समोर उभी. ह्येचं तिला कदी नवल वाटलं न्हाई.

आता दुसऱ्या बाजूला ये. सोपानचं वय काय तसं झालं नव्हतं. घरच्यांनी दुसरं लगीन लावलं. पोरगी गरिबाची, नंदा नावाची, आयबाप नसल्याली, चुलत्याकडं वाढल्याली. आता तू म्हनशील, म्हाताऱ्या, ह्यात विठाबाईचा काय संबंध? संबंध हाय की. आमच्याकडं पैली बायकू गेली आन् दुसरी आनली की दुसरीच्या गळ्यात पैलीचा टाक बांदत्यात. रुप्याचा, आंगठ्याच्या नखापरास थोडा मोठा, वर बाईमानसाचं तोंड उठवल्यालं. मेलेलीला घरात जागा र्‍हायली पाहिजे, न्हवं का? आन् पैलीचं म्हायेर त्येच दुसरीचं म्हायेर. पैलीच्या आयेबापानं तिला लेक मानायचं, सनाला आनायचं, लुगडं-चोळी करायची.

विठाबाईनं रीत मोडली न्हाई. नंदाला आनली, चोळी केली, जेवू घातलं. पन नंदानं "आये" म्हनून हाक मारली तशी म्हनली, "आये म्हनू नगंस. मावशी म्हन."

नंदा म्हनली, "बरं मावशी." आन् भांडी घासायला बसली. पोरगी कामाला वाघ, आन् जिभंला गोड. मारुतीची बायकू तर तिच्यावर लट्टू. पन दुसऱ्या येळला आली तवा, तांदूळ निवडता निवडता, तिनं इच्यारलं,

"मावशी, अक्काचा फोटू हाय म्हनं तुमच्याकडं. मला दावा की."

विठाबाईचा हात सुपात थांबला. "तुला कशाला?"

"बघीन की. कशी दिसत व्हत्या त्या."

"गळ्यात घालून हिंडतीयास की. त्यात बघ."

नंदानं गळ्यातला टाक बोटात धरला, बघितला, सोडला. पुन्ना तांदूळ निवडाय लागली. पन विठाबाईच्या मनात किडा वळवळाय लागला. ही पोर आज बघते म्हनती. उद्या मागंल. परवा चुलीत घालंल, सवतीचं तोंड कुनाला पाहिजे घरात? त्या दिशी तिनं डबा अजून खाली पुरला.

चैतात डोंगरावरच्या देवीआईची जत्रा आली. तुला काय सांगायचं, डोंगर सारा मानसांनी फुलतो, खालनं वर पालखी, वरनं खाली गुलाल. घरात पावनं येवढं की बसायला पाट पुरंना. नंदा आन् सोपान बी आलतं. विठाबाई परडी घेऊन सकाळीच डोंगरावर गेली. आन् हिकडं चुलीपाशी गडबड. मारुतीची बायकू बाळतीन, वसरीत बाजंवर. शिजल्याला भात संपला आन् पावनं अजून येत्यातच. सुनंनं गडबडीत म्हातारीचा नेम इसरून बाजंवरनं हाक दिली, "नंदे, कनगीतनं भात काढ आन् दे शेजारनीला कांडायला!"

कनगीचा नेम नंदाला कुनी सांगितला नव्हता. आन् चैताच्या दिवसांत कनगी तळाला गेल्याली. हात घातला, पत्रा लागला.

विठाबाई सांजच्याला उतरली. थकल्याली, परसाद वाटला, निजली. दुसऱ्या दिशी सकाळी सोपान कामावर जायाचं म्हनून नंदाला घेऊन लवकर गेला. पावनं पांगलं. घर रिकामं झालं तशी विठाबाई कनगीकडं गेली. डबा हाय. जीव भांड्यात पडला. पन डबा हलवला आन् आत खडखडलं. फोटू कदी खडखडतो का?

उघडला. फोटू न्हाई. फोटूच्या जागी काळ्या दोऱ्यात ववल्याला रुप्याचा टाक.

तिनं चाचपला, दोरा चाचपला, गाठ चाचपली. आन् अशी किंचाळली की मारुती गोठ्यातनं शेनाच्या हातानं धावत आला.

"काय झालं आये? इच्चू?"

"इच्चवानं काय व्हतंय! तिनं माजी लेक गळ्यातनं काढून डब्यात कोंबली रं! आन् फोटू नेला जाळायला! म्हंजी तिकडं बी न्हाई आन् हिकडं बी न्हाई, दोनीकडनं माजी ठकू पुसली!"

"आये, नंदा तशी न्हाई गं."

"तू गप. एक फोटू तू खाल्लास, एक तिनं. मला परकं कुनी लुटलंच न्हाई आजवर. गाडी जूप!"

मारुतीनं गाडी जुपली. वाटंभर म्हातारी मुठीत टाक धरून बसल्याली आन् मुठीला बोलतीया, "थांब माजी बाय, आलेच मी." मारुती बैलांना सांगतुया, "हळू रं बाबांनो, पोचल्यावर काय व्हनार हाय कुनाला ठावं." वलवनात सोपानच्या घराला कडी. शेजारीन म्हनली, "नंदा? ती लोनावळ्याच्या बाजारात गेली की, महिपती सोनाराकडं."

"सोनाराकडं!" विठाबाई म्हनली. "बघितलंस मारत्या? गळ्यात नवा डाग घडवायला बसली आसंल, माज्या लेकीची जागा मोकळी झाली की!"

महिपतीचं दुकान म्हंजी एक फळी, एक शेगडी आन् एक खोकला. नंदा फळीवर बसल्याली, गळ्यात मन्यांची पोत तेवढी. विठाबाई गाडीतनं उतरली आन् तिच्या आवाजाच्या रोखानं सरळ चालत गेली. मुठीतला टाक फळीवर आपटला.

"ही घे. जड झाली न्हवं माजी लेक? फोटू कुटाय? जाळलास का अजून काडी मिळंना?"

"आये..." नंदा उठली.

"आये म्हनू नगंस म्हनलं व्हतं ना!"

"मावशी, आदी बसा तरी," महिपती म्हनला.

"तू मदी पडू नगंस. तुज्या शेगडीत घातला का काय माजा फोटू?"

नंदानं कोऱ्या फडक्याची घडी उलगडली आन् फोटू विठाबाईच्या हातावर ठेवला. म्हातारीनं त्यो डोळ्याला भिडंल येवढा जवळ नेला. तिचा सारा चेहरा मऊ पडला.

"हाय. हाय गं बाई माजी ठकू." हुंदका आला तिला. "कशी बघतीया बघा. तीच नजर, आत्ता बोलंल."

सोनारानं नंदाकडं बघितलं. नंदानं मान हलवली, नगं म्हनून. पन मारुती मागं उभा व्हता. त्यानं आयेच्या खांद्यावरनं वाकून बघितलं, डोळं चोळलं, पुन्ना बघितलं, आन् त्याच्या तोंडातनं निघून गेलं, "आये, पन ह्यात..."

नंदानं त्याच्या पायावर पाय दिला. "दादा, गाडीचं बैल सुटलं वाटतं, बघा जरा."

"बैलं हाईत जागंवर," विठाबाई म्हनली. आंधळी आसंल, बहिरी न्हवती ती. "काय रं मारत्या? ह्यात काय?"

तवा महिपतीनं खाकरून घेतलं. "मावशी, तुमच्यापासून लपवून काय करायचं. म्या भिंग लावून बघितलंय. टोपली हाय, लुगड्याचं काठ हाईत, बांगड्या बी दिसत्यात. पन तोंडाच्या जागी निस्ता तांबडा डाग हाय. नाक न्हाई, डोळं न्हाईत."

"भिंगाला तुज्या काजळी धरलीया."

"आसंल. पन मारुतीच्या डोळ्यांना न्हाई ना धरली?"

"मारत्या, तू सांग. माजी शपथ."

मारुती म्हनला, "आये, डाग हाय गं."

विठाबाईनं आंगठा फोटूवरनं फिरवला. बांगड्यांवर गुळगुळीत लागला. वर आला तसा खरबरीत. पोपडं. बोट नाकाशी नेलं. कुंकू. गड्या, तवा तिला मकसूदचं बोलनं आठवलं. थेंब लागू देऊ नगा. पावसाच्या थेंबापासनं तिनं जपला, लेकापासनं जपला, जावयापासनं जपला, आन् थेंब तर ती सनासनाला आपल्याच बोटानं लावीत व्हती. वर पदरानं पुशीत व्हती.

ती फळीवर बसली. कुनी इच्यारलं न्हाई तरी तिनंच सांगून टाकलं. "म्या लावलंय कुंकू. ह्या बोटानं. रांडव बाईच्या बोटानं लावू न्हाई म्हनत्यात, आन् म्या लावलं. म्हनूनच गेलं तिचं तोंड."

"न्हाई मावशी," नंदा म्हनली. "पान्यानं गेलं. सवाष्णीनं लावलं असतं तरी गेलंच असतं. पान्याला काय कळतंय कोन कोन हाय?"

"मंग तू कशाला नेलास गं?"

नंदा तिच्या पायापाशी खाली बसली. "म्या त्यास्नी इच्यारलं, अक्का कशा व्हत्या. त्ये म्हनत्यात, बरी व्हती. आता बरी म्हंजी काय? बरी तर आमची शेळी बी हाय. म्या तिच्या चुलीवर रांधतीया, तिच्या वाकळंत निजतीया, तिच्या तुळशीला पानी घालतीया, आन् वाटंत भेटली तर वळखायची न्हाई. टाकात बघावं तर ठशाचं तोंड. वलवनात आमी तिघीजनी दुसरेपनाच्या, तिघींच्या गळ्यात एकच बाई! मेल्या येगयेगळ्या, आन् टाक एक. मला वाटलं, फोटूवरनं महिपतीदादा खरं तोंड उठवतील. डबा उघडला आन् कुंकवाचा वास आला. तोंड गेल्यालं बघितलं. पर म्हनलं, भिंगातनं काय दिसलं तर दिसलं."

"आन् टाक डब्यात कोंबलास त्यो?"

"कोंबला न्हाई. ठेवला. रिकामा डबा बघून तुमचा जीव गेला आसता. म्हनलं, मी येईस्तवर अक्का तिच्या आयेजवळ र्‍हाऊ दे."

म्हातारीनं फळीवरला टाक चाचपून हातात घेतला. मंग म्हनली, "पन मला दिसत व्हती गं. आत्ता बी दिसली. डागच आसंल, तर मी रोज काय बघत व्हते?"

महिपतीनं फळीखालनं मेनाचा गोळा काढला, शेगडीवर धरून लिंबायेवढा मऊ केला. "त्येच आता मला बी दाखवा मावशी. बोला, नाक कसं व्हतं?"

"नाक व्हतं... चांगलं व्हतं."

"बरी व्हती, तसंच झालं की ह्ये," नंदा म्हनली, आन् मारुती रडता रडता फिसकन हसला.

विठाबाई चिडली. "आन हिकडं!" तिनं मेन वढून घेतलं. "नाक मला सांगताय? ठकू जल्मली तवा नाक बसकं व्हतं तिचं, बापावानी. म्या रोज न्हाऊ घालताना खोबरेल लावून चेपून चेपून वर आनलंय. ह्ये नाक देवानं न्हाई, म्या केलंय!" आन् दोन बोटांच्या चिमटीत तिनं मेन धरलं, वरनं खाली वढलं, शेंड्याला जराशी दाबलं. जसं तान्हुलीचं चेपत्यात तसं. झालं. नाक उभं र्‍हायलं. मारुती पुढं वाकला. मंग म्हनला, "ठकीचं."

मंग काय थांबतीया ती. गाल, हनुवटी, कपाळावर भुवईच्या वर खोक, जांभळावरनं पडली व्हती तवाची. मारुती मदनंच सांगतुया, "दातांत फट व्हती, शिट्टी वाजवायची." म्हातारी म्हनती, "मंग तोंड उघडं पाहिजे." नंदा म्हनली, "पन फोटूत तर हसत नसतील, मडमीनं हलू नगंस म्हनलं आसंल." विठाबाई म्हनली, "फोटूत नव्हती हसत. घरात कवा गप बसली?" आन् नखानं वठाला चीर दिली. गड्या, खरं सांगतो, त्या फोटूनं बी जी ठकू कदी दावली नव्हती ती तितं मेनात हसत व्हती. आन् विठाबाईला बी वाटलं, इतकी सालं आपुन टोपली घेतल्याली, ताठ उभी पोरच घोकत बसलो व्हतो, ही हसनारी कुटं ठेवली व्हती आपुन?

महिपतीनं त्या मेनावरनं बारका साचा केला, जुनाच टाक आटवला, आन् त्याच रुप्याचा नवा घातला. लगेच न्हाई झाला, खोकत खोकत केला त्यानं, पन केला झ्याक.

पंचमीला नंदा म्हायेरी आली. मारुती न्यायला गेलता. गळ्यात टाक, त्यावर ठकू, दात दावत हसतीया. विठाबाईनं टाक चाचपला, नाकावरनं बोट फिरवलं आन् म्हनली, "जमलं महिपतीला." नंदानं कुंकवाचा करंडा पुढं ठेवला, वाटीत पानी ठेवलं.

"माज्यापुढं कशाला?" म्हातारीनं हात मागं घेतला. माजघरात मारुतीची बायकू व्हती, शेजारच्या दोघीतिघी पंचमीची गानी म्हनायला आल्याल्या. समदी बघत व्हती.

नंदानं तिचा हात धरला, तेच बोट पान्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं, आन् आपल्या गळ्यातल्या टाकाकडं आनलं. "लाव तू. रुपं हाय आये, ह्येचं तोंड जात न्हाई. रोज लावलंस तरी जात न्हाई."

विठाबाईनं लावलं. चारचौघींत. शेजारनींनी एकमेकींकडं बघितलं, आन् त्यातल्या थोरलीनं गानं सुरू केलं, दुसरं काय न्हाई. आन् ह्या येळला म्हातारी नंदाला मावशी म्हन म्हनाली न्हाई. आजवर न्हाई म्हनाली.

फोटू? त्यो हाय की. आता कनगीत न्हाई, माजघरात कोनाड्यात, उघडा. कुनी बी आलं की विठाबाई हातात देती, "ही माजी ठकू, बघा." आन् सारा गाव त्या तांबड्या डागाकडं बघून म्हनतो, "लय गुनाची दिसतीया." सोपान सुदिक आला, उंबऱ्यावर बसून दोनी हातांत धरून बघितला. मंग नंदाच्या गळ्याकडं बघितलं आन् पैल्यांदाच घडाघडा बोलला. ठकू कशी भांडायची, कशी शिट्टी वाजवायची. नंदा हसून लोळत व्हती.

तर गड्या, आता ऊन कललंय. उठ, घे तुजा डबा. लेनी उद्या बघितली तरी चालत्यात. आदी कार्ल्यात जा आन् विठाबाईचं घर इच्यार. आता चैत हाय, नंदा म्हायेरीच आसंल. त्या दोघींचा एक फोटू काढ, शेजारी शेजारी बसवून. म्हातारी वरडंल, आयुक्ष कमी व्हतं म्हनंल, पदर तोंडावर घेईल. तू घाई करू नगंस, नंदा तिचा पदर बाजूला करंल. आन् नंदाच्या गळ्यातला टाक नीट दिसंल असा काढ. फोटू धुतलास की दोन प्रती आन, एक म्हायेरी आन् एक सासरी, म्हंजी पुन्ना चोरी नगं. आन् देताना म्हातारीच्या कानात माजं येवढं सांग: कुंकू टाकाला लाव म्हनावं, फोटूला नगं. सांगशील ना?